आता वजन कुणावर?

ट्रकचा क्लच एकाएकी संपत नाही. चढाला इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानानं पुढं सरकत नाही, केबिनमध्ये जळका वास येतो, पेडल पार वर आल्याशिवाय गाडी उचलत नाही. ड्रायव्हरला हे कितीतरी आधी कळलेलं असतं. पण कारखान्याचा गळीत हंगाम चालू असताना कळूनही कुणी गाडी उभी करत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा कमी होतो, टोळी खोळंबते आणि वाहतुकीचे पैसे तर टनावर मिळतात. मग गाडी तशीच ओढत राहायची. एक दिवस ती भरल्या मालासकट कुठल्या तरी चढावर जागच्या जागी उभी राहते. क्लच प्लेट ही फूटभर व्यासाची, एका हातात उचलता येणारी चकती. ती बदलायला मात्र तिच्या मागं बसलेला सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

हा बॉक्स मी वर्षानुवर्षं घरच्या परड्यात उतरवला आणि चढवला. आधी स्वतःच्या गाडीचा, मग गावातल्या गाड्यांचा, मग शेजारच्या गावांतल्या. परड्यात पिट नाही, क्रेन नाही, मोठ्या वर्कशॉपमध्ये असतो तसा बॉक्स धरून ठेवणारा खास जॅकही नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या ज्या भागात मी राहतो तिथं ट्रक विकत घेणं जितकं सोपं, तितकंच हंगामात गॅरेजमध्ये नंबर लागणं अवघड. हायवेच्या गॅरेजसमोर उसाच्या गाड्यांची रांग असायची, आणि बँकेचा हप्ता काही त्या रांगेत थांबत नव्हता. म्हणून घरी.

आमची गाडी टाटाची १६१३. त्याआधी वडलांकडं पुढं बॉनेट असलेली १२१० होती. या जुन्या गाड्यांची नावं वाचता येतात. १२१० म्हणजे १२ टन आणि १०० अश्वशक्ती, १६१३ म्हणजे १६ टन आणि १३०. इंजिनाचंही तसंच, ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. मर्सिडीज-बेंझबरोबरचा टाटांचा करार १९५४ ते १९६९ एवढाच टिकला, पण त्या वळणाची बांधणी पुढं कितीतरी वर्षं राहिली. बोल्ट डोळ्यांना दिसतो, पाना फिरवायला जागा असते, आणि एखादा भाग काढायला दुसरे दहा भाग तोडावे लागत नाहीत. घरी हे काम जमलं त्याचं निम्मं श्रेय मी त्या गाडीलाच देतो.

वडलांच्या गाडीचा बॉक्स वरून निघायचा. केबिन स्थानिक बॉडीवाल्यानं बांधलेली, तिच्या तळाच्या फळ्या उचलता यायच्या. फळ्या काढल्या की बॉक्स खाली उघडा दिसायचा. दोन्ही दरवाज्यांतून एक जाड पाइप आरपार घालायचा, त्याची टोकं बाहेर दोन भक्कम घोड्यांवर टेकवायची आणि विहिरीतली मोटर काढायची चेनपुली त्या पाइपाला अडकवायची. वरून टांगलेल्या वजनाची एक गोष्ट चांगली असते, ते साखळीच्या धाकात राहतं. हलेल, झुलेल, पण पाय घसरून पडल्यासारखं पडणार नाही. १६१३ आली आणि ही सोय गेली. तिच्यात इंजिनच केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधे, आणि बॉक्स त्याच्या मागं, वरून हात पोचणार नाही असा. म्हणजे काम खालून, आणि खालून काम म्हणजे वजन आपल्या डोक्यावर.

खालून बॉक्स काढायला पहिल्यांदा जो तो गाडीसोबत आलेला बॉटल जॅक घेतो. हा जॅक वजन उचलण्यात कमी पडत नाही. त्यात पास्कलचा साधा नियम आहे. बंद तेलावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडं सारखाच पोचतो. मोठ्या दट्ट्याचा व्यास लहान दट्ट्याच्या तिप्पट असेल तर क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट, आणि दांड्याच्या लांबीचा फायदा वेगळाच. भरलेल्या ट्रकचा एक्सल उचलणाऱ्या जॅकला शंभर किलोच्या पुढचा बॉक्स म्हणजे काहीच नाही. अडचण निराळी आहे. एक्सल जॅकवर स्वस्थ बसून राहतो. बॉक्सला मात्र आधी आहे त्या उंचीवर तोलून धरायचं, मग इंजिनाच्या रेषेत सरळ वीतभर मागं न्यायचं, आणि तिथून खाली. जॅकचं डोकं रुपयाच्या चारपाच नाण्यांएवढं, बॉक्सचं बूड ओबडधोबड, पुढच्या हाउसिंगच्या बाजूला जड. शिवाय जॅकचा पल्ला वीतभर आणि जमीन त्याच्या कितीतरी खाली. म्हणजे हा जॅक बॉक्सला उचलू शकतो, पण धरू शकत नाही, नेऊ शकत नाही आणि उतरवूही शकत नाही. या तिन्ही गोष्टी त्याला शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली.

पण जॅकच्या आधी मला शिकवलं ते वाळूनं. तेव्हा मी वडलांच्या हाताखाली क्लीनर होतो. कृष्णेकाठी एका कच्च्या रस्त्यावर ओळखीच्या एकाची वाळूची गाडी क्लच जळून उभी राहिली होती. जवळ गॅरेज नाही, टोइंगला पैसे नाहीत. एक म्हातारे मिस्त्री सायकलवरून आले. हत्यारांची पिशवी आणि एक विळा, एवढंच सामान. त्यांनी गाडीतली वाळू गोणपाटाच्या पोत्यांत भरायला लावली आणि पोती बॉक्सखाली रचली, एक थर आडवा, एक उभा, वरच्या थराला बूड चांगलं घट्ट टेकेपर्यंत. सगळ्यात वर दोन फळ्या, त्यांना भरपूर ग्रीस. मग एकेक बोल्ट.

प्रत्येक बोल्टाला पाना लावायच्या आधी ते विचारायचे, "आता वजन कुणावर?" आणि आम्हा पोरांना उत्तर द्यावं लागायचं. "बोल्टांवर." "इंजिनावर आणि थोडं पोत्यांवर." "सगळं पोत्यांवर." उत्तर बरोबर आल्याशिवाय पाना फिरत नसे. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा बॉक्स जागचा हललासुद्धा नाही. दोघांनी मिळून तो ग्रीसच्या फळ्यांवरून मागं सरकवला, इनपुट शाफ्टचं टोक प्लेटमधून सुटलं, आणि मग मिस्त्रींनी विळ्याच्या टोकानं खालच्या पोत्यांना बारीक भोकं पाडली. वाळू धारेनं वाहू लागली आणि बॉक्स खाली बसू लागला. एक बाजू जास्त उतरतेय असं वाटलं की तिथल्या भोकावर चिंधी दाबायची, दुसऱ्या बाजूचं भोक मोठं करायचं. शेवटी बॉक्स जमिनीवर टेकला तो आवाज न करता.

पुढं एका इंजिनिअरकडून कळलं की दगडी कमानीच्या पुलांचं सेंटरिंग उतरवायला हीच युक्ती वापरत. वाळू भरलेल्या पेट्यांवर सेंटरिंग ठेवायचं आणि कमान तयार झाली की पेटीतून वाळू सोडून द्यायची. वाळू दबत नाही, पण वाट दिली की वाहते, म्हणून ती वजन धरते आणि आपण म्हणू त्या वेगानं सोडते. त्या मिस्त्रींनी हे कुठं पाहिलं होतं, विचारायचं राहून गेलं. वाळूची अडचण एकच, ती फक्त उतरवते. नवी प्लेट बसवून बॉक्स वर चढवताना दोन पहारी, एक वासा आणि सहा माणसं लागली, आणि सगळ्यांचे हात दुसऱ्या दिवशी कामाचे राहिले नव्हते.

माझी स्वतःची ट्रॉली तयार झाली ती बऱ्याच वर्षांनी, तीही एका दमात नव्हे. भंगारातून दोन इंची अँगल आणला, त्याची चौकट केली, दोन फूट रुंद आणि त्याहून थोडी लांब. चार बिडाची चाकं जुन्या बाजारातून. मधे जाड प्लेट, आणि त्या प्लेटवर जॅक. गावातला वेल्डर म्हणाला, जॅकचं बूड प्लेटला मारून टाकू, हलायचं नाव घेणार नाही. मी मारू दिलं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं जॅकच्या आतली सीलं जातात, मग तो वजनाखाली कणाकणानं खाली बसायला लागतो, आणि हे कळतं ते बॉक्स वर असताना. त्याऐवजी प्लेटवर अँगलच्या तुकड्यांचा चौकोनी खळगा केला आणि जॅक त्यात नुसता बसवला. जॅक बिघडला तर उचलून दुसरा ठेवता येतो, हा पुढं झालेला फायदा.

जॅकच्या डोक्यावर बॉक्स धरणारी वरची प्लेट. ही गोल फिरली तर बॉक्स फिरतो आणि बॉक्स फिरला तर माणूस जातो. म्हणून जॅकच्या दोन्ही बाजूंना पाइपात पाइप जाणारे खांब दिले. बाहेरचा पाइप खालच्या चौकटीला, आतला वरच्या प्लेटला. पाइपांत फट जास्त होती म्हणून प्लेट डुलायची. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं दोन कॉलर काढून घेतल्या तेव्हा कुठं ती सरळ वरखाली होऊ लागली. त्या लेथवाल्यानं पैसे घेण्याआधी मला बसवून अख्खं चित्र काढायला लावलं होतं, आणि त्यानंच सुचवलं की बाहेरच्या पाइपाला ओळीनं भोकं पाडून त्यात खिळ घाला, म्हणजे जॅकनं दगा दिला तरी प्लेट खिळीवर अडकेल. ती खिळ ही त्या ट्रॉलीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

वरच्या प्लेटच्या चार कोपऱ्यांना चार जाड आट्यांच्या सळया उभ्या केल्या, प्रत्येकीवर नट आणि टेकण. नट फिरवला की तो कोपरा सुताभर वर किंवा खाली. हे का लागतं ते बॉक्स उतरवणाऱ्यालाच कळतं. इंजिन गाडीत सपाट बसवलेलं नसतं, मागच्या बाजूला किंचित कललेलं असतं, आणि बॉक्सही त्याच कलात निघायला हवा. वर एक साखळी, बॉक्सला मिठी मारून प्लेटला आवळणारी.

मग चाकांचा प्रश्न. परडं मुरमाचं. बॉक्सचं वजन आलं की चाकं रुतायची, आणि रुतलेलं चाक ओढताना ट्रॉली हिसका घ्यायची. पहिल्यांदा खाली पत्रा टाकला. पत्र्यावर ट्रॉली चालली, पण वाटेल तिकडं जायला लागली, कधी डावीकडं, कधी तिरकी. मग दोन जुनी चॅनेलं मिळाली. ती तोंड वर करून जमिनीवर समांतर मांडली, इंजिनाच्या रेषेत, आणि चाकं त्यांच्या खोबणीत सोडली. त्या दिवसापासून ट्रॉलीला मागं जाण्याशिवाय दुसरी दिशाच उरली नाही. बॉक्स सुटताना नेमकं हेच हवं असतं. एवढी साधी गोष्ट, पण सिमेंटच्या कोब्यावर काम करणाऱ्याला ती कधी सुचली नसती असं मला वाटतं. मुरमानं ती सुचवली.

बॉक्सचा तोल कुठं आहे हेही आधी माहीत असावं लागतं. पहिल्यांदा बॉक्स खाली आला तेव्हा जमिनीवर त्याच्याखाली एक पाइप सरकवून तो पुढंमागं करत राहिलो. जिथं दोन्ही टोकं अधांतरी राहिली तिथं छिन्नीनं खूण केली. पुढच्या प्रत्येक वेळी ती खूण प्लेटच्या मधोमध आली की अर्धं काम झालं. गावातल्या बहुतेक १६१३ च्या बॉक्सांवर आज ती खूण आहे.

बॉक्सच्या बोल्टाला हात लावण्याआधी बरंच काही करायचं असतं आणि ते इथं सगळं सांगत नाही, मिस्त्री लोकांना ते पाठ असतं. दोन गोष्टी मात्र सांगतो, कारण त्या घरी काम करणारे विसरतात. एक म्हणजे चाकांना पुढून-मागून दगड. पुष्कळ जण गाडी गिअरमध्ये टाकून निश्चिंत होतात. मागचा शाफ्ट खोलला की गिअर आणि चाकं यांचा संबंधच तुटतो, गाडी मोकळी. एकट्या हँडब्रेकवर विसंबून मी कधी खाली शिरलो नाही. दुसरी म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला स्वतंत्र टेकू. काही गाड्यांत इंजिनाचा मागचा भार बॉक्सच्या बाजूच्या रबरांवर असतो. बॉक्स निघाला की इंजिन मागं कलतं, आणि मग परत बसवताना दोन्ही तोंडं जुळता जुळत नाहीत.

खरं काम सुरू होतं ते शेवटचे दोन बोल्ट राहतात तेव्हा. तोपर्यंत बॉक्स इंजिनाला चिकटून असतो, सगळं शांत असतं. फट पडायला लागली की मी बोलणं बंद करायचो आणि फक्त फटीकडं बघायचो. फट चारी बाजूंनी सारखी वाढायला हवी. वरची फट जास्त उघडली तर बॉक्सची शेपूट खाली झुकतेय, मागचे नट वर घ्यायचे. खालची उघडली तर उलट. याचं कारण आत आहे. बॉक्सचा इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून जाऊन फ्लायव्हीलमधल्या लहान बेअरिंगमध्ये टेकलेला असतो. बॉक्स अर्धवट निघालेला असताना तो लोंबकळला तर सगळं वजन त्या शाफ्टवर आणि शाफ्टमधून प्लेटच्या मधल्या भागावर येतं. जुनी प्लेट वाकली तर वाकू दे, ती टाकायचीच असते. पण हेच बसवताना झालं तर नवी कोरी प्लेट वाकते, आणि ते कळतं सगळं बांधून झाल्यावर, पेडल दाबूनही क्लच सुटेना झाला की. म्हणजे परत सगळं खोला. तेव्हा मिस्त्रींचा प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. वजन ट्रॉलीवर आहे की शाफ्टवर? फट सारखी असेल तर ट्रॉलीवर.

आणखी एक गोष्ट, क्लचचं हाउसिंग उघडल्यावर आत काळी बारीक धूळ असते. पोरं हवेचा पाइप मारून ती उडवतात. जुन्या प्लेटांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ती धूळ छातीत गेली की निघत नाही. आमच्याकडं ओल्या फडक्यानंच पुसायचं, हा नियम होता आणि त्यावर वाद चालत नसे.

जॅक उतरवण्याचं काम माझ्या बायकोकडं असायचं. सुरुवातीला पर्याय नव्हता म्हणून. दुपारच्या वेळी सगळे गडी रानात, आणि मला तर दोन्ही हात बॉक्सवर हवेत. बॉटल जॅकचा वॉल्व्ह हे फसवं प्रकरण आहे. घट्ट असतो तोवर घट्ट, आणि जरा जास्त फिरला की वजन एकदम खाली. शिकलेले मेकॅनिकही तो अर्धा आटा फिरवून मोकळे होतात. तिनं पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी म्हणालो, "केसाएवढा सोड." ती म्हणाली, "अहो, केसाएवढा म्हंजे किती ते दाखवा तरी." मी दाखवलं. त्यानंतर तिचा हात माझ्यापेक्षा हलका झाला. तिनं स्वतःची पद्धत बसवली. दांड्याच्या टोकाला खडूची रेघ, ती रेघ किती सरकली ते बघून सोडायचं, बॉक्सकडं बघायचंच नाही. "तुमी बॉक्स बघा, मी रेघ बघती," असं तिचं म्हणणं. वीतभर उतरलं की मी खिळ घालायचो, बॉक्सखाली बाभळीचे ठोकळे आडवे-उभे रचायचो, बॉक्स ठोकळ्यांवर टेकवायचो, ट्रॉली मोकळी करून खालच्या भोकावर आणायची, परत वजन घ्यायचं, वरचे ठोकळे काढायचे, परत वीतभर. असं टप्प्याटप्प्यानं. बघणाऱ्याला कंटाळा येतो. बाहेरून आलेल्या एका ड्रायव्हरनं मला तोंडावर सांगितलं होतं की एवढ्या वेळात चार माणसं लावून खाली आपटला असता. चार माणसांच्या हातात बॉक्स असतो तेव्हा एकाचा हात सुटला की बाकी तिघांवर वजन येतं, आणि चौघंही त्याच्याखालीच उभे असतात. मी त्याला चहा दिला आणि टप्पे चालू ठेवले.

ठोकळे बाभळीचेच का, याचं उत्तर मला एका वाईट प्रसंगातून मिळालं. शेजारच्या गावात एका परड्यात बॉक्स विटांवर टेकवून एक पोरगं खाली सील बदलत होतं. वीट दिसायला मजबूत, भिंत पेलते. पण भिंतीत तिच्यावर वजन सगळ्या अंगावर पसरून येतं. इथं बॉक्सच्या बुडाचा एक कंगोरा तिच्या मधोमध बसला होता. लाकूड दबतं, करकरतं, चिरतं, आणि त्या आवाजात माणूस बाजूला होतो. विटेनं काही सांगितलं नाही, एकदम भुगा झाली. पोराचा पाय घोट्याखाली गेला. आम्ही पोचलो तेव्हा घरच्यांनी बॉक्स उचलून काढला होता आणि त्याची आई नुसतीच विटांचे तुकडे गोळा करत बसली होती. तो पोरगा आज चालतो, पण ट्रकवर परत चढला नाही. तेव्हापासून मी कुणाच्याही परड्यात गेलो की आधी गाडीखाली वाकून बघतो. वीट, सिमेंटचा ब्लॉक, मातीचा ढिगारा, यातलं काही टेकू म्हणून दिसलं तर काम थांबवतो. माणसं रागावतात, रागावू देत.

बॉक्स चढवणं उतरवण्यापेक्षा अवघड, असं सगळे म्हणतात. तयारी नीट असेल तर मला ते तसं वाटलं नाही. बॉक्सच्या बोल्टांच्या मापाचे दोन लांब बोल्ट घ्यायचे, त्यांची डोकी कापायची, टोकाला करवतीनं खाच पाडायची, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं काढता येतात. हे दोन बोल्ट वरच्या बाजूच्या भोकांत समोरासमोर बसवायचे आणि बॉक्स त्यांच्यावर ओवायचा. मग बॉक्स डावीउजवीकडं जातच नाही, सरळ पुढं येतो. प्लेट मधोमध बसवायला जुन्या बॉक्समधला भंगार इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडाचा घडवून घ्यायचा. दात्यांना ग्रीस बोटानं पुसलं तेवढंच, जास्त झालं तर उडून अस्तरावर जातं. बॉक्स गिअरमध्ये टाकून मागची फ्लँज हातानं हळूहळू फिरवायची, म्हणजे दाते दात्यांत शिरतात.

आणि शेवटचं बोटभर अंतर राहिलं की खरी परीक्षा. बॉक्स पुढं सरकत नाही, हात दुखायला लागलेले असतात, आणि समोर बोल्ट तयार असतात. बोल्ट लावून आवळले की बॉक्स आत ओढला जाईल, असं वाटतं. ओढला जातोही, पण काहीतरी तुटूनच, कधी बिडाचा कान, कधी प्लेट. जो बॉक्स रेषेत आहे तो हातानं आत जातो. जात नसेल तर रेष चुकलीय. मी अशा वेळी ट्रॉलीला खिळ घालून बाहेर यायचो, तोंड धुवायचो, फट परत चारी बाजूंनी मोजायचो. बहुतेक वेळा एखादा कोपरा दोन सूत खाली असायचा. तो नट फिरवला की बॉक्स सुळकन आत. हातानं रेटलेला बॉक्स इंजिनाच्या तोंडाला टेकतो तेव्हा एक बारीक, बंद आवाज येतो. तो ऐकला की बायको वॉल्व्ह घट्ट करून उठायची, तिला सांगावं लागत नसे.

नव्या गाड्यांत हे सगळं बदललं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बॉक्सच्या आसपास सेन्सर, वायरिंग, एक्झॉस्टच्या टाक्या. बॉक्सही मोठे झाले. तशा गाड्या परड्यात खोलायला मी नाही म्हणतो. ट्रॉली त्यांचं वजन पेलेल, पण त्यांना धरायला कुठं आणि तोल कुठं हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या वजनाखाली मी कुणाला जाऊ देत नाही. पण जुन्या १६१३ आणि टाटाच्याच छोट्या ४०७ अजून पुष्कळ आहेत. ज्यांच्याकडं त्या आहेत त्यांना वर्कशॉपचं बिल परवडत नाही. ही माणसं घरीच काम करणार, कुणी काही म्हटलं तरी. म्हणून ट्रॉलीची मापं मी कुणालाही देतो.

परवा एका तरुण मुलानं स्वतः केलेली ट्रॉली दाखवायला आणली. ४०७ साठी, माझ्या ट्रॉलीपेक्षा लहान आणि दिसायला देखणी. पावडर कोटिंग केलेली, चाकांना रबर, साखळीऐवजी नायलॉनचा पट्टा. वेल्डिंग चांगलं होतं. पट्टा मी बदलायला सांगितला, बॉक्सच्या कडेला धार असते आणि ऑइल लागल्यावर तो घसरतो. मग खांबाची भोकं बघितली. भोकं होती, खिळ नव्हती. म्हणाला, "काका, जॅक नवा हाय, त्याची काय गरज पडणार न्हाई." मी घरातून माझी खिळ आणली, त्याच्या भोकात घालून बघितली. सैल पडली. त्याला सोळा मिलिमीटरची सळई आणायला पाठवलं, आणि ती कापून, एका टोकाला वाकवून, साखळीनं ट्रॉलीला कायमची बांधून झाल्यावरच ट्रॉली टेम्पोत चढवू दिली.